उपग्रह, रडार आणि रोजचा पावसाचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की ढगांची रंगीत चित्रं फोनवरून फोनवर फिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्नही येतात. दरवर्षी नव्याने येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. उपग्रह आणि रडार दोन्ही ढगच दाखवतात ना? मग दोन्ही कशाला पाहायचे?

दोन्ही वेगळ्या गोष्टी दाखवतात. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे आपले हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून खाली पाहतात. त्यांना ढगाचा माथा दिसतो. त्या ढगाखाली काय चाललंय याचा ते तर्क करतात. रडार जमिनीवरून सूक्ष्मलहरींचे ठोके सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेला भाग मोजतं, म्हणजे त्याला ढगातलं पाणी आणि गारा दिसतात. उपग्रहाच्या चित्रात अख्खा महाराष्ट्र पांढरा आणि रडारवर मात्र काहीच नाही, हे नेहमी होतं. उलटंही होतं (प्रश्न ९).

उपग्रहाचा आवाका अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत, तर रडारचा फार तर अडीचशे किलोमीटर. उद्या-परवा काय येऊ शकतं याचा अदमास पहिल्यावरून घ्यावा, पुढचे दोन तास दुसऱ्यावरून.

२. उपग्रहाच्या चित्रात पांढरं दिसतं तिथे पाऊस पडतोय असं समजायचं का?

आधी चित्र कोणतं आहे ते पाहा. दृश्य प्रकाशाच्या चित्रात पांढरं म्हणजे ऊन जास्त परतवणारा, बहुधा जाड ढग. हे चित्र रात्री मिळत नाही. अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणारं) चित्र दिवसरात्र मिळतं आणि त्यात पांढरं म्हणजे थंड. उंची वाढते तसं तापमान उतरतं, म्हणून थंड माथा म्हणजे उंच ढग. पण उंच असलेला ढग जाड असेलच असं नाही. पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढगही १०-१२ किलोमीटरवर असतात, अवरक्त चित्रात झकास पांढरे दिसतात आणि त्यांच्यातून जमिनीपर्यंत थेंब येत नाही.

म्हणून दिवसा दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत. दोन्हीत पांढराशुभ्र, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत, माथ्याचं तापमान उणे ६० अंशांच्या खाली: हा गडगडाटी ढग. अवरक्तात पांढरा पण दृश्य चित्रात राखाडी, खालची जमीन अंधुक दिसते: वरचा विरळ ढग. दृश्य चित्रात पांढरा पण अवरक्तात जेमतेम करडा: खालचा ढग. या तिसऱ्या प्रकाराकडे लोक दुर्लक्ष करतात आणि कोकणात फसतात.

तिसरं चित्र असतं वाफेचं. ते हवेच्या मधल्या आणि वरच्या थरांतला ओलावा दाखवतं, ढग नव्हे. त्यातला गडद पट्टा म्हणजे वरची कोरडी हवा. पावसाळ्यात असा पट्टा वायव्येकडून राज्यावर सरकताना दिसला तर पावसाच्या खंडाची शंका घ्यायला हरकत नाही.

३. चित्रावर सकाळी ६ ची वेळ आहे आणि आता साडेअकरा वाजलेत. चित्र शिळं आहे का?

नाही, ताजं आहे. चित्रांवर जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६०० म्हणजे आपले सकाळचे ११.३०. एक उपग्रह साधारण अर्ध्या तासाला एक चित्र घेतो. रडारचं चित्र दहा-पंधरा मिनिटांनी बदलतं. कुणी पाठवलेल्या चित्रावर तारीख-वेळच नसेल तर ते सरळ पुसून टाकावं. जुलैत फिरणारी निम्मी भीतिदायक चित्रं मागच्या एखाद्या वर्षाची असतात.

४. रडारच्या रंगांचा अर्थ काय? लाल म्हणजे धोका का?

रंग धोका सांगत नाहीत, परत आलेल्या लहरींची ताकद सांगतात. तिचं माप डीबीझेड. ढोबळमानाने २० च्या आसपास भुरभुर, तिशीत चांगला पाऊस, ४५ च्या पुढे जोरदार सर आणि ५५ ओलांडलं तर गारांची शंका.

ही पट्टी सरळ चढत नाही. १० ने वाढली म्हणजे ताकद दहापट झाली. शिवाय थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर परतावा ठरतो. २ मिलिमीटरचा एकच थेंब १ मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतका परतावा देतो. त्यामुळे थोडे टपोरे थेंब रडारला मोठा पाऊस वाटू शकतात आणि बारीक थेंबांची दाट झड किरकोळ वाटते. परताव्यावरून ताशी पाऊस काढायचं मार्शल आणि पामर यांचं १९४८ मधलं सूत्र अजून चलनात आहे. त्याप्रमाणे २३ डीबीझेडला तासाला १ मिमी, ४० ला सुमारे ११ मिमी आणि ५० ला जवळपास ४९ मिमी येतो. नारिंगी आणि लाल यांच्यात नावापुरता फरक दिसला तरी जमिनीवर तो चौपट असू शकतो.

५. रडारवर गावावर पाऊस दिसतोय, इथे थेंब नाही. रडार चुकलं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. रडारने बहुधा बरोबरच पाहिलेलं असतं, फक्त तुमच्या डोक्यावर बरंच उंच.

रडारचा झोत अगदी आडवा ठेवत नाहीत. सर्वांत खालचा झोतही साधारण अर्धा अंश वर उचललेला असतो. त्यात पृथ्वी गोल, म्हणजे जितकं दूर जावं तितकी जमीन झोताखालून खाली जाते. १०० किलोमीटरवर झोत दीड किलोमीटर उंचीवर असतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरच्या वर. कुलाब्याच्या रडारपासून नाशिक सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे कुलाब्याला नाशिकचा जो पाऊस दिसतो तो समुद्रसपाटीपासून जवळपास तीन किलोमीटरवरचा. तिथून खाली येईपर्यंत वारा त्याला बाजूला नेतो आणि हवा कोरडी असेल तर थेंब वाटेतच सुकतात. एप्रिल-मेमध्ये ढगाखाली लोंबणाऱ्या, जमिनीपर्यंत न पोचणाऱ्या करड्या झालरी पाहिल्या असतील. रडारला त्या पाऊस म्हणूनच दिसतात.

झोत दूर जाताना पसरतोही. एक अंशाचा झोत १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद होतो. शेजारच्या शिवारातला पाऊस आणि तुमचं कोरडं शिवार एकाच ठिपक्यात बसतात.

६. बाहेर धो धो पडतोय आणि रडार स्वच्छ. हे कसं?

कारणं अनेक, त्यांतलं पहिलं आपल्याकडे फार महत्त्वाचं. पावसाचा ढग ठेंगणा असेल तर झोत त्याच्या डोक्यावरून जातो. दुसरं, मध्ये डोंगर आला की त्यामागे रडारची सावली पडते. सह्याद्रीच्या पलीकडच्या काही दऱ्याखोऱ्यांचं हेच दुखणं आहे. तिसरं, रडारच्या अगदी डोक्यावरचा भाग त्याला दिसत नाही, कारण झोत तेवढा उभा होत नाही. चौथं, कमी लांबीच्या लहरी वापरणाऱ्या रडारवर मध्येच जोरदार पाऊस आला तर लहरी त्यातच खर्ची पडतात आणि मागचा पाऊस फिका दिसतो किंवा दिसतच नाही (पुढचा प्रश्न).

७. एस, सी, एक्स बँड ही काय भानगड आहे?

लहरींची लांबी. एस साधारण १० सेंटीमीटर, सी ५, एक्स ३. लांब लहर पावसातून आरपार जाते, दूरचं दाखवते, पण अँटेना मोठी लागते. एक्स बँडची यंत्रणा आटोपशीर, जवळचं बारकाईने दाखवते आणि शंभरेक किलोमीटरपुरती चालते. मुंबईत कुलाब्याचं रडार एस बँडचं आहे, वेरावलीचं सी बँडचं. मुसळधार पावसात दोघांची चित्रं वेगळी दिसली तर दूरच्या पावसासाठी कुलाब्यावर भिस्त ठेवावी.

८. हिरव्या-लाल रंगाचं रडारचं दुसरं चित्र असतं, ते कशाचं?

वाऱ्याच्या वेगाचं. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या वस्तूकडून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या या परिणामावरूनच ‘डॉप्लर रडार’ हे नाव आलं. प्रचलित पद्धतीत हिरवं म्हणजे रडारकडे येणारं, लाल म्हणजे दूर जाणारं.

मेख अशी की रडारला फक्त स्वतःकडचा किंवा स्वतःपासूनचा वेग कळतो. त्याच्यासमोरून आडवा जाणारा सोसाट्याचा वारा शून्य दिसतो. गडद हिरवं आणि गडद लाल अगदी चिकटून दिसलं तर तिथे हवा गरगरतेय असं समजावं. बाकी अर्थ लावायला सवय लागते. नवख्याने आधी परताव्याचंच चित्र नीट वाचायला शिकावं.

९. उपग्रहाच्या चित्रात कोकणावर किरकोळ ढग आणि पाऊस मात्र २०० मिमी! असं कसं?

कारण तो पाऊस बुटक्या ढगांचा असतो. जून-जुलैत समुद्रावरून आलेला ओला पश्चिमी वारा सह्याद्रीला थडकतो आणि वर चढतो. ढग उंच वाढत नाहीत. बर्फ तयार होण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाच किलोमीटरपर्यंत, पोचण्याआधीच थेंब एकमेकांना मिळून जड होतात आणि कोसळतात. माथा उबदार राहतो, म्हणून अवरक्त चित्रात तो करडा दिसतो. ढगमाथ्याच्या तापमानावरून पाऊस ठरवणाऱ्या पद्धती इथे हमखास कमी आकडा देतात. गडगडाट नाही, विजा नाही, फक्त तासन्‌तास संततधार. महाबळेश्वर किंवा आंबोलीला जुलैत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मे महिन्यातल्या मराठवाड्यात याच्या अगदी उलट. दुपारी चारला एखादा ढग १५ किलोमीटरपर्यंत चढतो, चित्रात भीषण दिसतो, वीस मिनिटं वळीव देऊन विरतो आणि पर्जन्यमापकात ८-१० मिमी भरतो. तेव्हा ‘जितका पांढरा तितका पाऊस’ हा हिशेब घाटाच्या पश्चिमेला पावसाळ्यात वापरूच नये. तिथे रडार आणि पर्जन्यमापकच पाहावा, तोही प्रश्न ६ ची अट लक्षात ठेवून.

१०. ढग उपग्रहाच्या चित्रात पूर्वेकडून समुद्राकडे सरकतात आणि पाऊस मात्र समुद्रावरून येतो. नक्की खरं काय?

दोन्ही खरं. पावसाळ्यात आपल्याकडे खालचा वारा पश्चिमेकडून येतो आणि १२ ते १६ किलोमीटरवरचा जोराचा वारा पूर्वेकडून. उंच ढगाचा माथा वरच्या वाऱ्यात सापडला की पश्चिमेकडे ताणला जातो आणि चित्रात तोच सरकताना दिसतो. पावसाचा गाभा मात्र खालच्या-मधल्या वाऱ्याबरोबर जातो. सरींची दिशा रडारच्या चित्रांवरूनच ठरवावी.

आणखी एक बारीक गोष्ट. उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे तो आपल्याकडे तिरका पाहतो. १५ किलोमीटर उंचीचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा सुमारे सहा किलोमीटर उत्तरेला उमटतो. तालुक्याच्या सीमेवरून वाद घालताना हे विसरू नये.

११. सर माझ्याकडे कधी पोचेल हे मला मोजता येईल का?

येतं, दोन तासांपुरतं. अर्ध्या तासाच्या अंतराची रडारची दोन चित्रं घ्या. सरीची पुढची कड १५ किलोमीटर सरकली आणि ती अजून ६० किलोमीटरवर असेल, तर सगळं जसंच्या तसं राहिल्यास दोन तास. खरी गोम त्या ‘जसंच्या तसं’मध्ये आहे. एकामागून एक शिस्तीत येणाऱ्या लांब पट्ट्याला हे गणित छान लागू पडतं. उकाड्याच्या दुपारी जागच्या जागी उगवणाऱ्या ढगांना ते लागू पडत नाही. असा ढग तासाभरात जन्मून संपतो आणि त्याच्यातून बाहेर पडलेली थंड हवा दहा किलोमीटरवर नवा ढग उभा करते.

म्हणून किमान चार-पाच चित्रं ओळीने पाहावीत. वाढतोय की विरतोय हे कळणं दिशेइतकंच महत्त्वाचं. फवारणी किंवा कापणी याच्यावर ठरवणार असाल तर रडारसोबत हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक अंदाजही पाहा.

१२. मग उद्याचा अंदाज या चित्रांवरूनच काढतात ना?

नाही. आजचा ढग उद्या नसतो. उद्याचं गणित संगणकावरची प्रारूपं करतात: वारा, तापमान, दाब, ओलावा यांची आत्ताची स्थिती घ्यायची आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढे न्यायची. ती ‘आत्ताची स्थिती’ पुरवताना उपग्रह कामाला येतात, विशेषतः समुद्रावर, जिथे केंद्रं नाहीत. ढगांच्या सरकण्यावरून वारा काढला जातो, वेगवेगळ्या लहरींवरून थराथरांतलं तापमान आणि ओलावा. जोडीला पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडलेल्या फुग्यांची मोजमापं असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेलं ‘भारत’ प्रारूप मे २०२५ मध्ये कामाला लागलं. त्याची चौकट सहा किलोमीटरची आहे. म्हणजे एका चौकटीत एखादं शहर मावतं, गल्ली नाही.

१३. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे माझ्याकडे पडणार की नाही?

हे शब्द मोघम वाटतात, पण मोजून वापरलेले असतात. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक किंवा एक-दोन ठिकाणी, २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी, त्यापुढे बहुतांश ठिकाणी. जोराचंही तसंच: २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजतात. रात्री नऊला कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या तारखेवर लागतो, त्यावरूनही बरीच भांडणं होतात.

तेव्हा ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ वाचून तुमच्या गावासाठी हो किंवा नाही काढू नका. चारपैकी तीन केंद्रांवर तसा पाऊस नसेल तरीही तो अंदाज बरोबर ठरतो.

१४. ऑरेंज अलर्ट दिला आणि दिवसभर ऊन. अलर्टवर विश्वास कसा ठेवायचा?

अलर्ट जिल्ह्याला असतो, तुमच्या अंगणाला नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शक्यता किती आणि पडलाच तर नुकसान किती, या दोन्हींवरून रंग ठरतो. पाऊस किती असमान पडू शकतो याचं टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत. कुलाब्याच्या माणसाला त्या दिवशी लाल अलर्ट खोटाच वाटला असता.

तरीही तक्रारीत तथ्य नाही असं नाही. जिल्हे मोठे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याचा घाटमाथा आणि जामखेडचं माळरान एकाच रंगात रंगवणं वाचणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. अशा जिल्ह्यांत इशाऱ्याचा मजकूर वाचावा. घाटमाथ्याचा उल्लेख वेगळा असेल तर तो त्यातच सापडतो.

१५. फोनमधलं अ‍ॅप ‘दुपारी ३ वाजता पाऊस, ६० टक्के’ सांगतं. इतकं नेमकं कसं?

नेमकेपणा आकड्यात आहे, माहितीत नाही. बरीच अ‍ॅप जागतिक प्रारूपाचा चौकटीतला आकडा तुमच्या ठिकाणासाठी बेतून दाखवतात. ६० टक्के म्हणजे ६० टक्के वेळ किंवा ६० टक्के जोर नव्हे. अशा दहा प्रसंगांपैकी साधारण सहांत पाऊस पडेल, एवढाच अर्थ. तीनचे पाच वाजले तर अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. दुपारनंतर रडार उघडावं.

१६. ढगफुटी आधी कळते का?

ढगफुटी म्हणजे साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी किंवा जास्त पाऊस. तिला पोषक स्थिती आहे हे आदल्या दिवशी सांगता येतं. नेमक्या कोणत्या ओढ्यावर, हे नाही. रडारवर ढग एकाच जागी तळ ठोकून वाढताना दिसतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरतो. आणि कोकणात दिवसभरात ३०० मिमी पडला म्हणून त्याला ढगफुटी म्हणू नये. तो बहुधा प्रश्न ९ मधला पाऊस असतो.

१७. विजेचा इशारा उपग्रह देतो का?

इन्सॅटवर वीज टिपणारं उपकरण नाही. ‘दामिनी’ अ‍ॅपमधली माहिती जमिनीवर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यातून येते. वीज पडताना निघणाऱ्या रेडिओ लहरी अनेक ठिकाणी किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्या फरकावरून जागा काढतात. पहिली वीज मात्र कुणालाच आधी दिसत नाही. ढग काळवंडला आणि गडगडाट ऐकू आला की अ‍ॅप न उघडता शेतातून पक्क्या घराकडे निघावं. झाडाखाली थांबू नये.

१८. रडारवर कधी सरळ रेघ दिसते, कधी न हलणारे ठिपके, कधी पसरत जाणारी कडी. हा कसला पाऊस?

कसलाच नाही. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास केंद्रापासून सूर्याच्या दिशेने गेलेली बारीक रेघ सूर्याचीच: तोही रेडिओ लहरी सोडतो आणि अँटेना त्याच्याकडे वळली की त्या टिपते. सी बँडच्या रडारवर इतर कोणत्याही दिशेला कायम रेघ असेल तर जवळपासच्या वाय-फायसारख्या यंत्रणेचा व्यत्यय असू शकतो. न हलणारे ठिपके डोंगरांचे किंवा उंच बांधकामांचे. हिवाळ्यात निरभ्र पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर साचला की झोत खाली वाकतो आणि एरवी न दिसणारी जमीन ‘पाऊस’ म्हणून उमटते. पहाटे एखाद्या जलाशयाभोवती कडं उमटून विस्फारत गेलं तर ते पक्ष्यांचे थवे असण्याची शक्यता जास्त.

ओळखायची सोपी रीत: तीच वेळ, तीच जागा उपग्रहाच्या चित्रात पाहा. तिथे ढगच नसेल तर रडारवरचा पाऊस खोटा. अपवाद एकच: रात्रीचा खालचा ढग, जो अवरक्त चित्रात जमिनीत मिसळून जातो.

१९. रडारचं चित्र कोरं आहे. पाऊस नाही की रडार बंद आहे?

वेळ पाहा (प्रश्न ३). वेळ पुढे सरकतेय आणि डोंगरांचे नेहमीचे ठिपके जागेवर आहेत, तर रडार सुरू आहे आणि आकाश कोरडं. वेळ तासाभरापासून तीच असेल तर रडार देखभालीसाठी बंद असेल किंवा चित्र चढलेलं नसेल. मग शेजारचं रडार उघडा: दक्षिण कोकणासाठी गोव्याचं, विदर्भाच्या उत्तर भागासाठी नागपूर नसेल तर भोपाळचं, लातूर-नांदेडच्या बाजूला हैदराबादचं. रडार दोनशे किलोमीटरहून लांब असेल तर झोत तुमच्यावरून चार-पाच किलोमीटर किंवा जास्तच उंच गेलेला असेल, म्हणून तिथे फक्त उंच गडगडाटी ढगच दिसतील. रिमझिम दिसणार नाही.